न सुकलेलं चित्र

गॅलरीवाल्या बाईंनी नाक चित्राच्या इतकं जवळ नेलं, की मी हातातला चहाचा ट्रे घट्ट धरून मनात म्हटलं, टेकवा बाई, टेकवा. मग बघू कसं निघतं ते.

टेकलं नाही. बाई अनुभवी होत्या. त्यांनी चष्मा कपाळावर ढकलला, श्वास रोखला आणि विचारलं, "हे काय आहे?"

"जुनं आहे," माझे दीर म्हणाले. "सोळा वर्षांपूर्वीचं. असंच पडून आहे."

पडून नव्हतं, टांगलेलं होतं. आमच्या मागच्या खोलीपासून न्हाणीघरापर्यंत जो पॅसेज जातो, ज्यात भर दुपारीही हाताला हात दिसत नाही, त्याच्या भिंतीवर. चार फूट लांब, अडीच फूट उंच लाकडी फळी. तिच्यावर बोटभर जाड, काळसर रेझिन ओतलेलं, आणि वरच्या कडेला लाल निऑनची एक वाकडी नळी. ही नळी एका बुटांच्या दुकानाच्या पाटीतली. दुकान बसलं, पाटी भंगारात गेली, आणि तिच्यातला एक तुकडा आमच्या दिरांना 'रेषा' म्हणून दिसला. नळीचा ट्रान्सफॉर्मर दिवसभर डबीत माशी कोंडल्यासारखा गुणगुणायचा. रेझिनमध्ये खऱ्या माशाही होत्या, तीन. शिवाय डास, केस, धूळ आणि शर्टाचं एक बटण. कारण हे रेझिन कधी सुकलंच नाही. बोट लावलं की दबायचं आणि सोडताना चिकटायचं.

आणि बोटांच्या खुणा. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, एकीवर एक, शेकडो.

"खालची एवढी जागा मोकळी टाकून रेषा पार वर ढकललीत," बाई म्हणाल्या. "केवढं धाडस! आणि हा स्पर्श... हे बोटांनी केलंय ना?"

"बोटांनीच झालंय," दीर म्हणाले.

"स्वतःच्या?"

दिरांनी माझ्याकडे पाहिलं. मग नळीकडे. मग जमिनीकडे.

"हं."

माझ्या ट्रेमधल्या कपबश्या वाजल्या. बाईंना वाटलं, म्हातारपणाने हात थरथरतोय. त्यांनी प्रेमाने माझ्या हातातून कप उचलून घेतला. ती बोटं माझ्या सासूबाईंची होती, आणि हे त्या घरात उभ्या असलेल्या प्रत्येकाला ठाऊक होतं, एक त्या बाई सोडून.

आता दिरांविषयी सांगते. वय एकोणपन्नास. धंदा चित्रकार. त्यांच्या चित्रात माणूस नसतो, झाड नसतं, घर नसतं. रेझिन असतं आणि निऑनचा उजेड असतो. काय बघायचं ते बघणाऱ्याने ठरवायचं. मला हे फार सोयीचं वाटतं. मी पोस्टात पार्सलच्या काउंटरवर एकतीस वर्षं काढली. पत्ता नसलेलं पार्सल घेऊन मी म्हटलं असतं, कुठे पोचवायचं ते पोचवणाऱ्याने ठरवावं, तर साहेबांनी दुसऱ्याच दिवशी मला घरी बसवलं असतं.

लग्न केलं नाही. मागची खोली त्यांची. तिथे तोंडाला मास्क बांधून ते रेझिन ओततात आणि गरम हवेच्या बंदुकीने त्यातले फुगे फोडत बसतात. एखाद्या गाजलेल्या चित्रकाराला असावा तेवढा पसारा आहे. फक्त गाजायचं राहिलंय. एक चित्र एका हॉटेलात लिफ्टच्या बाहेर आहे. एक दातांच्या डॉक्टरकडे आहे. तिथे लोक आधीच ठणकता दात घेऊन बसलेले असतात, त्यामुळे चित्राचा वेगळा त्रास होत नाही.

घरात त्यांना ट्यूबलाइट म्हणतात. उजेड उशिरा पडतो म्हणून. पूर्वी ते चिडून सांगायचे, "निऑन वेगळं आणि ट्यूबलाइट वेगळी." त्यांचं सांगून होईपर्यंत पानं उचललेली असायची. पुढे त्यांनी सांगणं सोडलं. या माणसाने आयुष्यात कशालाच ठाम नाही म्हटलं नाही आणि हो म्हटलं नाही. काहीही विचारा, एकच उत्तर. "बघतो."

हे चित्र ओतलं त्या दिवशी मी रजेवर होते. रेझिन आणि त्याला घट्ट करणारं हार्डनर दोन डब्यांत येतं. ठरल्या प्रमाणात मिसळलं की दगड होतो, प्रमाण हुकलं की चिखल. दोन भाग रेझिनला एक भाग हार्डनर. आणि हे गृहस्थ ते चहाच्या कपाने घ्यायला निघाले होते. कपाने! माझ्याच्याने बघवेना. पोस्टाने मोडीत काढलेला एक वजनकाटा मी घरी आणून ठेवला होता. तो काढला, पुसला, "व्हा बाजूला" म्हटलं आणि ग्रॅमला ग्रॅम जोखून दिलं. ते काहीतरी बोलायला गेले. मी बोलू दिलं नाही.

तिसऱ्या दिवशीही चित्र ओलं. महिन्यानेही ओलं. त्यांनी काट्याला नावं ठेवली असती तर मी 'नाचता येईना अंगण वाकडं' ऐकवायला टपलेलेच होते. पण ते एवढंच म्हणाले, "माप चुकलं असेल माझं." मग काय, मी घरभर सांगत सुटले. काटा चुकत नाही, माणूस चुकतो. ढवळायचा कंटाळा, दुसरं काय. आल्यागेल्याला पॅसेजमध्ये नेऊन मी तो चिखल दाखवायची. पुढे पुढे तर पाहुणेच विचारायचे, "सुकलं का हो?" आणि दीरही सगळ्यांबरोबर हसायचे.

सासूबाईंची नजर त्याच सुमारास गेली. सगळी नाही, मधली. समोरचा माणूस दिसायचा नाही, कडेचं थोडं दिसायचं. पॅसेजमधला पांढरा दिवा त्यांच्या डोळ्यांत टोचायचा, म्हणून तो लावायचा नाही. एक दिवस भिंतीला धरून येता येता त्या थांबल्या आणि म्हणाल्या, "अगं, ते लाल काय आहे? ते दिसतंय मला."

त्या दिवसापासून नळी सकाळ-संध्याकाळ चालू. लाल उजेडाकडे बघत, त्या गुणगुणीच्या रोखाने, चित्रावरून बोटं ओढत सासूबाई न्हाणीघरापर्यंत जायच्या आणि तशाच परत यायच्या. दिवसातून सहा वेळा, बारा वर्षं. आमच्या दिरांच्या हातून झालेल्या चित्रांपैकी एकच कोणाच्या उपयोगी पडलं, आणि तेही दिवा म्हणून.

मी कुरकुर करायची. "आई, हात लावू नका त्याला. चिकट आहे. मग सगळ्या दारांना लागतं."

"लागू दे. माझा कठडा आहे तो."

"कठडा कसला, चिखल आहे."

"चिखल तर चिखल. पडत तर नाही ना मी!"

मग मी न्हाणीघराच्या दाराशी ठेवलेली स्पिरिटची बाटली उचलायची आणि त्यांचं एकेक बोट कापसाने पुसायची. पुसताना तोंड चालूच. त्या हात पुढे करून निमूट उभ्या राहायच्या. चार वर्षांपूर्वी त्या गेल्या. नळी कोणी बंद केली नाही.

तर गॅलरीवाल्या बाई गेल्या, फाटक लागलं, आणि मी दिरांना जेवणाच्या टेबलापाशी गाठलं. माझे यजमान तिथेच वर्तमानपत्र धरून बसले होते. आईचा विषय निघाला की हे नेहमी वर्तमानपत्र धरतात. उलटं असलं तरी चालतं.

"भावजी, ती बोटं तुमची का?"

"वहिनी, बाईंना घाई होती."

"हो का? घाईत माणूस स्वतःचा हात विसरतो?"

ते खुर्चीच्या पाठीवर वाळलेला रेझिनचा थेंब नखाने खरवडत राहिले. "त्यांनी माझी आठ चित्रं बघितली. आठही वेळा घड्याळाकडे बघितलं. हे एक बघितलं आणि घड्याळ विसरल्या. त्यांनी विचारलं, आणि माझ्या तोंडून निघून गेलं."

"मग आता परत घ्या. फोन करा आणि सांगा."

"त्या म्हणतात, हेच चित्र मधल्या भिंतीवर लावायचं. प्रदर्शनच याच्याभोवती."

"लावा ना. खाली आईंचं नाव लावा."

"बघतो."

"अहो, तुम्ही तरी बोला काही," मी ह्यांना म्हटलं.

ह्यांनी वर्तमानपत्र खाली केलं. "आईला आवडलं असतं," ते म्हणाले.

"काय आवडलं असतं? आपला हात दुसऱ्याच्या नावावर चढलेला?"

ह्यांनी वर्तमानपत्र पुन्हा वर धरलं. मग मीच सांगून टाकलं. चित्राखाली आईंचं नाव लागणार असेल तर चित्र जाईल, नाहीतर ते या भिंतीवरून हलणार नाही. आणि ही नुसती धमकी नव्हती. चार दिवसांनी गॅलरीचा पॅकिंगवाला येऊन चित्र बघून गेला. फुग्यांचं प्लास्टिक त्याने एका कोपऱ्याला लावून पाहिलं, ते अर्धं तिथेच राहिलं. तो हात झटकत म्हणाला, "हे आमच्याने व्हायचं नाही." आता साऱ्या गावात हे चित्र जसंच्या तसं बांधू शकेल असं एकच माणूस होतं, आणि ते माणूस मी होते. मी मनातल्या मनात खूश झाले. उचलून त्यावर प्लास्टिक दाबलं असतं तरी खुणा गेल्या असत्या आणि प्रश्न मिटला असता. हे मला सुचलं होतं, खोटं कशाला बोलू?

पाचव्या दिवशी दीर स्वयंपाकघरात आले. "वहिनी, सांगतो त्यांना."

नेहमीचं 'बघतो' नाही. मी पोळपाट बाजूला ठेवून त्यांच्याकडे नीट पाहिलं. "नक्की?"

"सांगतो."

मी पॅकिंगची तयारी केली.

न सुकलेल्या वस्तूला बांधायची एकच रीत. तिच्या तोंडाला कशाचाच स्पर्श होता कामा नये. खोक्याच्या आत चारी बाजूंनी पट्ट्या ठोकायच्या, फळी फक्त कडांवर धरायची, पुढे वीतभर पोकळी सोडायची. ह्यांनी पट्ट्या कापून दिल्या. दिरांनी नळीचं बटण बंद केलं. गुणगुण थांबली. मग आम्ही चित्र खिळ्यावरून काढून पुढच्या खोलीत, खिडकीपाशी नेलं.

दिवसाच्या उजेडात ते चित्र मी पहिल्यांदाच पाहत होते. लाल उजेडात ज्या खुणा नुसता चिखल वाटायच्या, त्यांना एक उतार होता. वरच्या, धुळीने काळ्या पडलेल्या खुणा खांद्याएवढ्या उंचीवर. मग थोड्या खाली. मग आणखी खाली. सगळ्यात ताज्या खुणा खालच्या कडेला लागून, आणि तिथे बोटं नव्हती, सगळा तळवाच टेकलेला. सासूबाई कधी वाकत गेल्या ते मला कळलं नव्हतं. मी रोज त्यांच्याबरोबर चालत होते आणि रोज बोलत होते.

"पाठीला कागद लावायचा ना?" दिरांनी विचारलं.

"आधी उलटं करा, खिळे बघू दे."

चित्राच्या पाठीवर पेन्सिलीचं लिखाण होतं. दीर प्रत्येक चित्राच्या पाठीवर तारीख, प्रमाण, त्या दिवशीची हवा असलं काहीबाही लिहितात, हे मला माहीत होतं. ते वाचायच्या लायकीचं असेल असं मला कधी वाटलं नव्हतं. मी चष्मा लावला.

पहिल्या ओळीत तारीख. खाली, 'रेझिन दोन, हार्डनर एक, वजनाने.' खाली, 'जोखलं:' आणि त्यापुढे 'वहिनी'. 'वहिनी'वर काट मारलेली, आणि शेजारी लिहिलेलं, 'मी'.

त्याच्याखाली हार्डनरच्या डब्यावरचा कागद सोलून चिकटवलेला. त्यावर छापील अक्षरांत सूचना होती, आणि एका ओळीखाली रेघ ओढलेली. प्रमाण मापाने घ्यावे. वजनाने घेऊ नये.

मी ती ओळ दोनदा वाचली. हार्डनर हलकं असतं. वजनाला वजन घेतलं की ते जास्त पडतं. हे मला कोणी शिकवायची गरज नव्हती. कापसाचं पार्सल आणि खिळ्यांचं पार्सल मी जन्मभर शेजारी शेजारी ठेवत आले होते. हा माणूस कपाने घ्यायला निघाला होता. कपाने घ्यायचं होतं.

"भावजी, हे तुम्हाला कधी कळलं?"

"तिसऱ्या दिवशी."

"आणि सोळा वर्षं बोलला नाहीत?"

ते ओशाळून हसले. "तुम्ही तेव्हा सगळ्यांना सांगत होता, काटा चुकत नाही म्हणून. म्हटलं, कशाला. आणि काटा काही चुकला नव्हताच."

दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ दिसतं म्हणतात. मी तर ते पाहुण्यांना नेऊन नेऊन दाखवत होते, स्वतःच्या डोळ्यातलं मुसळ सांभाळत. मला शरम वाटली, पण आधी राग आला. ज्या माणसाला मी सोळा वर्षं ट्यूबलाइट म्हणून हिणवलं, त्याने सोळा वर्षं मला सांभाळून घेतलं होतं. असला उपकार अंगाला रेझिनपेक्षा वाईट चिकटतो.

खाली आणखी ओळी होत्या. 'ट्यूब वर सरकवली. आईचा हात लागतो.' म्हणजे ते केवढं धाडस होतं ते आता कळलं. 'आई आता खालून धरते.' मग दोन वर्षं काही नाही. शेवटच्या ओळीत फक्त तारीख. सासूबाईंना दवाखान्यात नेलं तो दिवस. त्या दिवशी त्या पॅसेजमधून शेवटचं चालल्या होत्या.

मी पट्ट्या ठोकल्या, दोरी आवळली, आणि खोक्यावर बाणाने वरची बाजू दाखवली. बाण मात्र नेहमीसारखा सरळ आला नाही.

प्रदर्शनाला ह्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला. गॅलरी म्हणजे पांढऱ्या भिंती आणि पांढरी जमीन, मध्ये हातात सरबताचे पेले घेऊन उभी असलेली माणसं. प्रत्येक जण चित्रासमोर मान एका बाजूला कलती करायचा, थांबायचा आणि 'हंऽऽ' करायचा. मी मोजून पाहिलं नाही, पण एका चित्रापुढे फार वेळ कोणी थांबत नव्हतं. पाव मिनिटात चित्राची खोली गाठून माणसं पुढच्या चित्राकडे जात होती. आमचं चित्र मधल्या भिंतीवर होतं. त्याच्यापुढे जमिनीवर पट्टी मारली होती आणि 'कृपया हात लावू नये' अशी सूचना होती. सासूबाईंनी ती ऐकली नसती.

शेजारी छोटी पाटी. मी चष्मा लावून वाचली. 'शीर्षक नाही. रेझिन, निऑन, लाकूड, कलावंताचा स्पर्श.'

"भावजी," मी म्हटलं.

"सांगितलं होतं मी," ते घाईने म्हणाले. "फोनवर सांगितलं. त्या म्हणाल्या, फार सुंदर आहे हे, आपण यावर निवांत बोलू."

तेवढ्यात बाईंनी टाळ्या वाजवून सगळ्यांना चित्रासमोर गोळा केलं आणि दिरांना मध्ये उभं केलं. "सांगा ना," त्या म्हणाल्या, "न सुकणाऱ्या रेझिनची ही कल्पना तुम्हाला कशी सुचली?"

दिरांचे कान लाल झाले. निऑनचा उजेड नव्हे, कानच. "सुचली नाही," ते म्हणाले. "माप चुकलं माझ्याकडून."

लोक कौतुकाने हसले. केवढा विनय! आणि मला तिथे उभं राहवेना. एकतीस वर्षांत मी चुकीच्या वजनाचं एक पार्सल पुढे जाऊ दिलं नव्हतं.

"त्यांच्याकडून नाही," मी म्हटलं. आवाज काउंटरचा निघाला. मागच्या माणसापर्यंत पोचायची त्याला सवय. "जोखलं मी होतं. मापाने घ्यायचं ते वजनाने घेतलं. ते सांगत होते, मी ऐकलं नाही. सोळा वर्षं त्यांना बोल लावला. चूक माझी आहे."

मग कोणीतरी "वा!" म्हटलं, आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. खरोखर वाजवल्या. मी आयुष्यातली सगळ्यात मोठी चूक कबूल केली आणि त्यांनी ती सरबताबरोबर गिळली.

"सगळं घरच किती सर्जनशील आहे!" बाई म्हणाल्या.

तेव्हा दीर बोलले. मी त्यांना इतक्या मोठ्याने बोलताना कधी ऐकलं नव्हतं. "ही बोटं माझी नाहीत. माझ्या आईची आहेत. तिला दिसत नव्हतं. ती याला धरून न्हाणीघरात जायची. मी तुम्हाला खोटं सांगितलं."

आता तरी, मी मनात म्हटलं. माझ्या शेजारी ह्यांनी माझं कोपर धरलं. एका गृहस्थाने हळूच विचारलं, "न्हाणीघर म्हणाले का?" बाईंनी चष्मा कपाळावर ढकलला, डोळे मिटले आणि छातीवर हात ठेवला.

"म्हणजे एका अर्थी तुमचीच बोटं," त्या म्हणाल्या. "आईचीच बोटं मुलात उतरतात."

पुन्हा टाळ्या. दीर "नाही, तसं नाही" म्हणत होते, पण ते ऐकायला पुढच्या रांगेत फक्त मी आणि हे होतो. नंतर त्यांनी बाईंना कोपऱ्यात गाठून पाटी बदला म्हणून सांगितलं. बाईंनी त्यांच्या खांद्यावर थोपटलं. कॅटलॉग छापून झालाय, त्या म्हणाल्या.

पंधरा दिवसांनी चित्र एका मोठ्या संस्थेने घेतलं. समुद्रापलीकडे जायचं होतं. तिथे ते काचेच्या पेटीत ठेवणार होते, धूळ बसू नये, कोणाचा हात लागू नये म्हणून. दीर माझ्याकडे आले.

"वहिनी, द्यायचं का?"

"मला काय विचारता?"

"तुम्हालाच विचारतोय."

मी विचार केला. ट्रान्सफॉर्मर गुणगुणत होता तोवर सासूबाई घरात चालतायत असं वाटायचं. आता तो घरातून जाऊन महिना झाला होता. "द्या," मी म्हटलं. "पण बांधणार मी."

गॅलरीच्या मागच्या खोलीत पुन्हा तेच खोकं, त्याच पट्ट्या. बाईंची माणसं लांब उभी राहून माझ्याकडे आदराने बघत होती. चिकट वस्तूपुढे सगळेच नम्र होतात. चित्र उलटं केल्यावर मी पर्समधून काळं पेन काढलं. काउंटरवरचं, न पुसणाऱ्या शाईचं.

"काय करताय?" दिरांनी विचारलं.

"नियम आहे," मी म्हटलं. "पुढचा पत्ता फाटतो, भिजतो, चुकीचाही असतो. तसं झालं की पार्सल उलटून बघतात. पाठीवर पाठवणाऱ्याचं नाव लागतं."

पेन्सिलीच्या 'मी'वर मी काट मारली आणि पुढे ठळक लिहिलं, 'वहिनी'. शेवटच्या तारखेखाली जागा होती. तिथे सासूबाईंचं नाव लिहिलं, त्यांचं, त्यांच्या वडिलांचं, आडनावासकट, पोस्टात लिहायचो तसं सुट्या अक्षरांत. त्याखाली लिहिलं, 'उजवा हात. बारा वर्षं.' दीर शाई सुकेपर्यंत त्यावर फुंकर घालत राहिले. ती मिनिटभरात सुकली.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी न्हाणीघराकडे निघाले. पॅसेजमध्ये ह्यांनी नवा पांढरा दिवा लावला आहे, पण त्याचं बटण माझ्या हाताला अजून सापडत नाही. अंधारात चालताना हात आपोआप भिंतीवर गेला, आणि बोटं खिळ्यापासून दारापर्यंत ओढत मी पलीकडे पोचले. दाराशी स्पिरिटची बाटली तशीच होती. मी झाकण काढलं, कापूस भिजवला आणि एकेक बोट पुसलं. कापूस पांढराच राहिला.